ओपन इनोव्हेशनने छोट्या कारखान्यात नवं काही निघतं का? उद्यमबागेतल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं कास्टिंग (ओतकाम) आणि मशीनिंगचं युनिट आहे, पन्नासेक माणसं. मुलगा एमबीए करून आलाय. तो म्हणतो, आता ओपन इनोव्हेशन करूया. कॉलेजशी करार, व्हेंडरला सोबत घेणं, ग्राहकाबरोबर डिझाइन. खर्च आणि डोकेदुखी सोडून यातून कंपनीला खरंच नवीन काही मिळतं का? आणि आपल्याकडे जे आहे ते शेजारी उचलून नेणार नाही कशावरून?"

मिळतं. पण बाहेरून किती आलं याच्यापेक्षा आलेलं पचवायला आत कोण आहे यावर ते ठरतं. पन्नास माणसांच्या युनिटने दहा ठिकाणी ओळखी वाढवण्यापेक्षा दोन ठिकाणी खोल जावं. शेजाऱ्याची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी धरली जाते. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्हीकडच्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये उत्पादन विकासाचं काम करताना जे दिसलं त्यावरून, आणि या विषयावर जे नीट अभ्यासलं गेलंय त्यावरून सांगतो.

आधी मोजायचं काय ते ठरवूया, कारण बहुतेक वाद तिथेच अडकतो. युरोपातल्या सर्वेक्षणांमध्ये साधा मापदंड वापरतात: गेल्या तीन वर्षांत बाजारात आणलेल्या नव्या किंवा सुधारलेल्या मालातून एकूण विक्रीचा किती टक्के हिस्सा आला. हा आकडा मुलाच्या स्लाइडवर छान दिसेल, पण तुमच्या युनिटला तो तसाच लावला तर फसवेल. ग्राहकाने पुण्याहून नवं ड्रॉइंग पाठवलं, तुम्ही पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवून माल दिला, की तुमच्या खात्यात नवा पार्ट नंबर चढतो. ती नवनिर्मिती ग्राहकाची. तुमची नवनिर्मिती वेगळीकडे दिसते: ड्रॉइंग हातात आल्यापासून पहिलं पास होणारं सँपल किती दिवसांत जातं, त्या पार्टचं रिजेक्शन पहिल्या सहा महिन्यांत किती उतरतं, आणि ज्याची किंमत तुम्ही स्वतः ठरवता असा माल एकूण विक्रीत किती आहे. हे तीन आकडे आज काय आहेत ते लिहून ठेवा. ते नसतील तर दोन वर्षांनी ओपन इनोव्हेशनने काही झालं की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

आता अभ्यास काय सांगतो ते. हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकाने २००३ मध्ये हा विचार मांडला. कंपनीने सगळं संशोधन स्वतःच्या चार भिंतींत करायचं आणि स्वतःच विकायचं, ही विसाव्या शतकातली पद्धत आता पुरत नाही. बाहेरच्या कल्पना आत घ्याव्यात आणि आपल्याला न लागणाऱ्या बाहेर द्याव्यात, असा त्याचा गाभा. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण सगळीकडे देतात. २००० च्या सुमारास त्यांच्या प्रमुखाने ठरवलं की निम्मी नवनिर्मिती बाहेरून यायला हवी. बटाट्याच्या चिप्सवर खाण्याच्या शाईने चित्रं छापायची युक्ती त्यांना इटलीतल्या बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीतून मिळाली. बेकरी चालवणारा माणूस विद्यापीठातला प्राध्यापक होता. गोष्ट सुरेख आहे, पण सांगणारे एक बाजू गाळतात. तेव्हा त्या कंपनीकडे स्वतःचे ७,५०० संशोधक होते. बोलोन्याची युक्ती बघून "ही आपल्या लाइनवर चालेल" असं म्हणणारी आणि ती चालवून दाखवणारी माणसं पगारावर आधीच होती.

ही आतली ताकद किती महत्त्वाची, हे कोहेन आणि लेव्हिन्थल या दोघांनी १९९० मध्येच दाखवलं होतं. कंपनीचं स्वतःचं संशोधन दोन कामं करतं: नवीन काढतं, आणि दुसऱ्यांनी काढलेलं ओळखायची, समजून घेण्याची, वापरायची कुवत तयार करतं. आतलं काम बंद करून सगळं बाहेरून घेऊ म्हणणाऱ्याला म्हणूनच बाहेरचंही फारसं लाभत नाही. पुढे २००६ मध्ये लॉर्सन आणि सॉल्टर यांनी ब्रिटनमधल्या २,७०७ उत्पादक कंपन्यांचा अभ्यास केला. ग्राहक, पुरवठादार, विद्यापीठं, स्पर्धक, प्रदर्शनं असे सोळा स्रोत धरले आणि कोण किती ठिकाणांहून माहिती घेतं ते पाहिलं. स्रोत वाढले तशी नवनिर्मितीची कामगिरी वाढली, पण एका मर्यादेनंतर खाली आली. खोलीचंही तेच: थोड्या स्रोतांशी घट्ट काम फायद्याचं, सगळ्यांशीच घट्ट राहायला गेलं तर तोटा. आणखी एक गोष्ट दिसली. अगदी नवं काही काढायचं तर मोजक्यांशी खोल संबंध उपयोगी पडतात, छोट्या सुधारणांना अनेकांकडून थोडं थोडं घेतलेलं चालतं. हे ब्रिटनचे आकडे, आपल्याकडे तेच लागू पडतील असं मी म्हणणार नाही. पण वळण तेच दिसतं, कारण मालकाचं लक्ष दोन्हीकडे मर्यादितच.

आता उद्यमबागेकडे या. इथे एक गंमत आहे. मुलगा जे नवीन म्हणून सांगतोय त्यातलं अर्धं इथे कधीपासून चालू आहे. एकच पॅटर्नमेकर चार फाउंड्रींचं काम करतो. एकीकडे रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला जास्तीचा रस पुरवणारा भाग) कुठे बसवला, कुठल्या पार्टला कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) फुटला, हे तो दुसरीकडे चहा पिता पिता सांगतो. बेंटोनाइट (साच्याची वाळू बांधणारी माती) विकणारा, इनॉक्युलंट (लोखंडाची रचना सुधारायला रसात टाकायची पूड) विकणारा, भट्टीच्या लायनिंगवाला, सगळे सकाळी मच्छेला आणि दुपारी होनग्याला. तुमचा सुपरवायझर दहा वर्षांनी नोकरी सोडतो आणि दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं युनिट टाकतो. कायद्याने तुम्ही त्याला अडवू शकत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यावर तोच धंदा करायचा नाही अशी अट सहसा टिकत नाही. इथली कित्येक युनिटं अशीच उभी राहिली. म्हणजे ज्ञान इथे पहिल्यापासून मोकळं फिरतंय. तरी त्यातून प्रत्येक कंपनी पुढे का जात नाही? कारण जे सगळ्यांना सारखंच कळतं त्यातून कुणालाच वेगळेपण मिळत नाही, आणि आलेली गोष्ट कुणी लिहून, तपासून, आपल्या मालावर बसवून घेत नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण यातच सगळं आहे. इथल्याच एका युनिटमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी प्रेशर टेस्टला गळायची. ग्रे आयर्नची कास्टिंग, मशीनिंग होईपर्यंत दोष दिसायचा नाही, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर माल भंगारात. मालक मोकळ्या मनाचे. त्यांनी सगळ्यांना विचारलं. पॅटर्नमेकर म्हणाला गेटिंग (रस साच्यात नेणाऱ्या वाटा) बदला. इनॉक्युलंटवाला म्हणाला डोस वाढवा. वाळूवाला म्हणाला ओलावा जास्त आहे. कॉलेजच्या सरांनी सिम्युलेशन करून रायझरची जागा बदलायला सांगितली. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने ओतण्याचं तापमान धरलं. मालकांनी सगळ्यांचं ऐकलं आणि सगळं एकदम केलं. रिजेक्शन उतरलं. पेढे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा चढलं, आणि आता नक्की कशाने उतरलं होतं तेच कुणाला सांगता येईना. लॉर्सन आणि सॉल्टरची उतरणारी बाजू बघायला ब्रिटनला जायची गरज नाही.

पुढे तिथे एक डिप्लोमावाला पोरगा होता, त्याला रोजच्या उत्पादनातून अर्धा दिवस मोकळा केला. प्रत्येक हीटचं (भट्टीतल्या एका वितळीचं) कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन-सिलिकॉनचा एकत्रित आकडा), ओतण्याचं तापमान, वाळूचा ओलावा, हे त्याने वहीत लिहायला सुरुवात केली. एका वेळी एकच बदल. पहिल्याच आठवड्यात एक जुना मोल्डर त्याला म्हणाला, "वाळू आज लई ओली हाय, खरं कागदावर तीनच टक्के लिवलंय." ओलावा मोजणारं यंत्र किती दिवस कॅलिब्रेटच केलं नव्हतं. म्हणजे वाळूवाला बरोबर होता, पण त्याचा दोष वेगळा: ओलाव्याने वरच्या बाजूला बारीक छिद्रं पडत होती, गळती त्यामुळे नव्हती. ते निस्तरल्यावर राहिलेली गळती एकाच जागी दिसायला लागली, जिथे जाड बॉस (पार्टवरचा उंचवटा) पातळ भिंतीला मिळतो. सिम्युलेशनमध्ये शेवटी थंड होणारी जागा तीच दाखवली होती. सर पहिल्यापासून बरोबर होते. बाकीचा गोंधळ दूर होईपर्यंत ते ओळखता येत नव्हतं, एवढंच. तिथे चिल (उष्णता लवकर ओढणारा धातूचा तुकडा) लावला, रायझर हलवला, प्रश्न सुटला. पुढच्या व्हॉल्व्ह बॉडीचं कोटेशन देताना त्या युनिटने पहिल्या सँपलची मुदत छातीठोकपणे निम्मी लिहिली. वर जे तीन आकडे सांगितले त्यातले दोन इथेच हलले.

बाहेरचा सल्ला पाचही जणांकडून फुकट मिळाला होता. कंपनीला खर्च आला तो त्या पोराच्या अर्ध्या दिवसाचा, आणि फायदा झाला तो त्या खर्चाने. मुलाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

कॉलेजबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे अपेक्षाभंग सगळ्यात जास्त. बेळगावात व्हीटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय आहे, गोगटे आणि केएलई ही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. माणसांची टंचाई नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सेमिस्टरच्या चौकटीत बसतो. पोरं परीक्षेच्या आधी घाईत अहवाल बांधतात आणि निकालानंतर बेंगळुरूला जातात. अशा गटाला "आमच्यासाठी नवा पंप डिझाइन करा" म्हणाल तर हातात एक चकचकीत रिपोर्ट येईल. त्यांना मोजणीचं काम द्या: वाळूचा तीन महिन्यांचा डेटा, एका मशीनच्या टूल वेअरचा हिशोब, गळतीच्या जागांचा नकाशा. ते काम अर्धवट राहिलं तरी उपयोगी पडतं आणि पुढच्या वर्षीची बॅच तिथून सुरू करते. डिझाइनचं काम द्यायचंच तर एका प्राध्यापकाशी दोन-तीन वर्षांचं ठरवा आणि लॅबचं बिल वेळेवर भरा. प्राध्यापकाला पेपर हवा असतो, तुम्हाला गुप्तता. यात भांडण्यासारखं काही नाही, क्रम आधी ठरवायचा: अगोदर पेटंटचा तात्पुरता अर्ज, नंतर पेपर. कास्टिंग सिम्युलेशन महाग असतं म्हणून घाबरू नका. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर इथल्या फाउंड्रींना डोळ्यांसमोर ठेवून घडवलं आणि ई-फाउंड्री नावाने शिकण्याचं साहित्य ऑनलाइन खुलं केलं. तुमचा डिप्लोमावाला तिथून सुरुवात करू शकतो.

ग्राहकाबरोबर काम करायचं तर बेळगावजवळच्या हत्तरगीकडे बघा, पण डोळे उघडे ठेवून. तिथे २००९ मध्ये सुरू झालेल्या, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या एकस कंपनीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) फोर्जिंग, मशीनिंग आणि सरफेस ट्रीटमेंट एकाच आवारात आणली गेली. त्यातलं फोर्जिंग फ्रान्सच्या ओबेर ए द्युव्हालबरोबर आणि सरफेस ट्रीटमेंट कॅनडाच्या मॅगेलनबरोबर संयुक्त कंपन्या काढून उभं राहिलं. हीही ओपन इनोव्हेशनचीच एक जात, दोघांनी पैसा आणि ज्ञान दोन्ही घालून केलेली. पण विमानाच्या पार्टला प्रक्रिया बदलायचं स्वातंत्र्य फार कमी असतं. एकदा मंजूर झालेली पद्धत ग्राहकाच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. तिथून तुम्हाला शिस्त शिकायला मिळेल, नोंदी ठेवायची सवय लागेल. नव्या मालाची कल्पना तिथून येईल असं धरून चालू नका.

ती येते वापरणाऱ्याकडून, आणि आपण त्याला विचारत नाही. एमआयटीतले एरिक फॉन हिप्पेल यांनी १९८६ मध्ये दाखवलं की ज्यांची गरज बाजाराच्या पुढे धावते असे ग्राहक स्वतःच उपाय जुळवून बसलेले असतात. चिक्कोडी-निपाणी भागात खोडव्यात पाचट कुट्टीची यंत्रं बघा. कंपनीची पट्टी कापून, बाजूला प्लेट वेल्ड करून, पाती उलटी बसवून शेतकऱ्याने आपल्या सरीच्या रुंदीला जमवून घेतलेलं असतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे दोन तास बसलात तर पुढच्या मॉडेलची यादी मिळते. तुमची कास्टिंग हायड्रॉलिक पंपात जात असेल तर तुमच्या बाबतीत हा माणूस म्हणजे हायड्रॉलिक दुरुस्त करणारा फिटर. तुमच्या कास्टिंगचा पंप उघडल्यावर तो काय शिव्या देतो ते ऐका.

आता शेजाऱ्याची भीती. प्रक्रियेतली युक्ती, म्हणजे वाळूचं मिश्रण, ओतायची पद्धत, फिक्स्चर, ही माणसांबरोबर जाते. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, गुप्ततेच्या करारावरच भिस्त. करार करा, पण खरा बचाव वेग. शेजाऱ्याला तुमचं गेल्या वर्षीचं कळेल. तुमची वही त्याच्याकडे नसेल. मालातली कल्पना वेगळी. तिथे नुकसान शेजारी चोरतो म्हणून क्वचितच होतं, आपणच बोलून बसतो म्हणून जास्त होतं. अर्जाआधी प्रदर्शनात मांडलं, विद्यार्थ्याने रिपोर्ट इंटरनेटवर टाकला, ग्राहकाला करार न करता ड्रॉइंग पाठवलं, की नवेपणा गेला म्हणून पेटंट अडकू शकतं. कायद्यात अपवाद आहेत, पण अरुंद. तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात ग्राहकांना दाखवून घ्या. दुसरं, विद्यार्थी तुमचा नोकर नाही. त्याने काढलेलं आपोआप तुमचं होत नाही. हक्क हस्तांतर लेखीच लागतं, आणि ते काम सुरू व्हायच्या आधी. नंतर पोरगं बेंगळुरूहून सही करायला येत नाही.

आतली वस्तू बाहेर देण्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. मोठ्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे: हिंडाल्कोच्या बेळगावसह इतर ॲल्युमिना कारखान्यांतली लाल माती (बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा गाळ), जी साठवायची कटकट होती, ती सिमेंट कारखान्यांना कच्चा माल म्हणून जायला लागली. तुमच्याकडे लाल माती नसेल, पण स्वतःसाठी बनवलेलं एखादं फिक्स्चर किंवा टेस्ट रिग नक्की असेल जे इतर चार जण विकत घेतील. ज्याची किंमत तुम्ही ठरवता असा माल, तो तिसरा आकडा, बऱ्याचदा असाच सुरू होतो.

पैशाचं थोडक्यात. एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत इन्क्युबेशनसाठी मान्यताप्राप्त होस्ट संस्थेमार्फत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत मिळते. कर्नाटक सरकारच्या एलिव्हेटमध्ये स्टार्टअपला ५० लाखांपर्यंत अनुदान असतं. मुलाने वेगळी कंपनी काढली तरच ते लागू. कोल्हापूरचा भागीदार घेणार असाल, आणि इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तितकाच मोठा फाउंड्री परिसर असताना घ्यावाच, तर राज्याच्या योजनेचा अर्ज कुणाच्या नावावर हे आधी बघा. हद्दीच्या या बाजूची सवलत त्या बाजूला चालत नाही. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात म्हणून अर्ज राहून जातात, हे मी अनेकदा पाहिलंय. ऑफिसात कन्नड नीट वाचणारं एक माणूस असणं हीसुद्धा बाहेरचं आत घेण्याची कुवतच आहे. तसंच शॉपफ्लोअरचं. बाहेरचा सल्लागार इंग्रजीत स्लाइड दाखवून गेला तर ते ज्ञान कॉन्फरन्स रूममध्येच राहतं. मोल्डर मराठी-कन्नड मिसळून बोलतो, त्याला त्याच बोलीत सांगणारा मधला माणूस लागतो.

तेव्हा पहिल्या वर्षी असं करा. गळतीसारखा पैसे खाणारा एकच प्रश्न निवडा. दोन बाहेरचे घ्या, एक प्राध्यापक आणि एक पुरवठादार, आणि मुलालाच आतला माणूस करा. एमबीए आहे म्हणून करारांच्या मागे लावू नका, सहा महिने त्याला हीटची वही धरायला लावा, सोबत एक डिप्लोमावाला द्या. बाहेरून आलेली प्रत्येक सूचना वहीत, घेतली की नाही, का नाही, तारखेसह. पहिल्या वर्षी खर्च वाढेल आणि आकडे हलणार नाहीत, कधी थोडे बिघडतीलही, कारण चाचण्यांच्या हीट्स उत्पादनातूनच जातात. तिथे घाबरून बंद करणारे पुष्कळ. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पहिल्या सँपलचे दिवस कमी झाले नसतील तर मात्र भागीदार बदला, पद्धत नको.

कॉलेजबरोबर सामंजस्य कराराचा कार्यक्रम, हारतुरे, वर्तमानपत्रात फोटो, हे मुलाच्या मनात असेलच. करू द्या, पण फोटोआधी प्रश्न एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: काय मोजायचं, कोण मोजणार, लॅबचं बिल कोण भरणार, पेपर कधी, हक्क कुणाचे. ते पान लिहिताना जर दोन्ही बाजू अडखळल्या, तर कार्यक्रम पुढच्या वर्षी ठेवा.